कोर्ट अजून थांबतं का?

जेवण उरकलंय, भांडी विसळून पालथी घातली आहेत, आणि मी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले आहे. बाहेर बर्फ पडतोय. हीटर मधूनच म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो. परवा शुक्रवारी मी कोर्टातल्या दुभाष्याच्या नोकरीतून निवृत्त झाले. केक कापला, फोटो झाले. दुभाषीबाईंची जागा आता कोण घेणार यावर बोलणं झालं आणि मी माझी शाल घेऊन घरी आले. त्यामुळे आजचा रविवार जरा निराळाच वाटतोय. उद्या सोमवार येईल आणि मला कुठंच जायचं नसेल.

डोळे मिटतात, उघडतात. बर्फ खाली पडतोय की वर जातोय ते नीट कळत नाही. हीटरचा आवाज लांब जातो. मग कुणीतरी घसा खाकरतं.

समोरच्या सोफ्यावर एक म्हातारा बसलाय. लांब काळा कोट, गुडघ्यापर्यंतच तुमान, खाली पांढरे पायमोजे आणि बुटांवर चांदीची बक्कलं. मी त्यांना लगेच ओळखते. आमच्या कोर्टात जजच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांचं मोठं तैलचित्र आहे. माझ्या नोकरीचा प्रत्येक दिवस त्या चित्रासमोर गेला.

"काय गं, झोपलीस व्हय?" ते विचारतात.

दोनशे वर्षांपूर्वी वारलेला हा अमेरिकन माणूस आमच्या विट्याकडची मराठी बोलतोय, अगदी माझे वडील बोलायचे तशी. मला त्याचं काही नवल वाटत नाही. उलट ते इंग्रजी बोलले असते तर मी दचकले असते.

"नाही, साहेब. जरा डोळा लागला होता."

"लागू दे की. तेवढ्यापुरताच आलोय."

हे न्यायमूर्ती एबेनेझर हॉलोवे. आमच्या या विनफोर्ड गावात त्यांचं नाव शाळेला आहे, पुलाला आहे आणि चौकातल्या पुतळ्यालाही आहे. अमेरिका इंग्लंडच्या राजापासून सुटली तेव्हा ते तरुण वकील होते आणि त्याच साली इथले जज झाले. आमच्या राज्याची घटना लिहिणाऱ्यांत ते होते, नव्या देशाच्या पहिल्यावहिल्या काँग्रेसमध्ये गेले, मग परत येऊन पुन्हा इथल्या कोर्टात जज झाले. पुतळ्याखाली हे सगळं कोरलंय. शाळेतली पोरं ते पाठ करतात आणि कबुतरं त्यांच्या डोक्यावर बसतात.

"तू त्या कोर्टात व्हतीस न्हवं?" ते म्हणतात. "मला एक इचारायचं व्हतं."

"विचारा की. आधी चहा टाकते."

मी उठते आणि स्वयंपाकघरात जाते. स्वयंपाकघरात लाकडी बाकं आहेत. गॅसच्या ओट्याच्या जागी उंच चौथरा आहे, त्यावर जजची खुर्ची, आणि भिंत अजून कोरी आहे, कारण साहेबांचं चित्र काढून घ्यायचं वय झालेलं नाही. हॉलोवे खुर्चीत बसलेत. तिशीचे असतील. केस तांबूस, गाल आत गेलेले, हात कुठं ठेवावेत ते कळत नाही असा चेहरा.

बाकं माणसांनी भरलीत. दाराशी कोर्टाचा शिपाई उभा आहे. कोर्ट सुरू झाल्याचा पुकारा करणं हे त्याचं काम. तो छाती भरून श्वास घेतो, "राजाच्या..." एवढं म्हणतो आणि थांबतो.

कुणी हसत नाही.

"राजा गेला न्हवं," हॉलोवे माझ्याकडे वळून हळूच सांगतात. "उन्हाळ्यात आमी त्याला काढून टाकला. आन् आता कोर्ट उघडायचं तर कुणाच्या नावानं उघडायचं, हे कुणी ठरवलंच न्हाई. ह्यो बिचारा आयुष्यभर एकच वाक्य म्हणत आला व्हता."

शिपायाचा चेहरा रडवेला झालाय. तो वर बघतो. "साहेब, कुणाच्या नावानं म्हणू?"

हॉलोवे खुर्चीतून पुढं वाकतात. ते बाकांवरच्या माणसांकडे बघतात. लोहार आहे, गवळी आहे, तिघी बायका आहेत, एक माणूस पायातला काटा काढत बसलाय.

"ह्यांच्या," ते म्हणतात.

शिपाई दोन्ही हात लांब करतो आणि ओरडतो, "लोकांच्या नावानं!" पायातला काटा काढणारा माणूस दचकून उभा राहतो, आपल्यालाच कुणी हाक मारली असं समजून. मग सगळेच उभे राहतात. मीही उभी राहते. 

"भ्यालो व्हतो मी तवा," हॉलोवे सांगतात. "राजाच्या नावानं शिक्षा दिली की शिव्या राजाला बसायच्या. आता त्या माणसांच्या नावानं त्याच माणसांना शिक्षा द्यायची. चुकलं तर तोंड कुठं लपवायचं?"

आम्ही बोलत बोलत दारातून बाहेर पडतो, आणि बाहेर अंगण नाही, एक मोठी खोली आहे. उन्हाळा आहे. खिडक्या बंद, कारण आतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. माश्या घोंगावतात. कोट काढून खुर्चीला अडकवलेली माणसं टेबलाभोवती बसून राज्याची घटना लिहितायत. हॉलोवेंच्या कपाळावरून घाम ओघळतोय. ते उभे राहून भांडतायत, आणि भांडण एका शब्दावरून आहे.

"आरोपीला आरोप वाचून दाखवावा, असं लिवलंय तुमी," ते म्हणतात. "वाचून दाखवावा म्हंजे काय? भिंतीला पन वाचून दाखवता येतंय. आरोपीला आरोप समजला पाहिजे, असं लिवा."

टेबलाच्या टोकाला एक जाडजूड गृहस्थ आहेत. त्यांची आमच्या खोऱ्यात सगळ्यांत जास्त जमीन आहे. नाव प्रेस्कॉट गेज. ते हसून म्हणतात, "आणि समजला नाही असं तो म्हणाला तर? खटला जन्मभर चालवायचा?"

"मग समजावून सांगायचं."

"हॉलोवे, जेवायची वेळ झाली."

हात वर होतात. मी मागच्या भिंतीला टेकून बघते. हॉलोवेंच्या बाजूनं फार थोडे हात आहेत. घटनेत "वाचून दाखवावा" असंच राहतं. हॉलोवे खाली बसतात, कोट घालतात आणि सगळ्यांबरोबर सही करतात.

"रागावला नाहीत?" मी विचारते.

"लई. पन बाकीचं चांगलं झालं व्हतं. एका शब्दापायी सगळं मोडायचं न्हवतं मला." ते खिडकीकडे बघतात. "पुढं काँग्रेसमधी गेलो तरी तो शब्द काय डोक्यातनं जाईना."

खिडकी उघडते तसा धुराचा वास येतो. मी बाहेर डोकावते तर खाली गवताचं कोठार जळून काळं झालंय, गाई शेतात इकडंतिकडं उभ्या आहेत. वळून बघते तर पुन्हा कोर्ट. हॉलोवेंचे केस आता पांढरे. पिंजऱ्यात एक काळी बाई उभी आहे, पंचविशीची असेल. डोक्याला रुमाल, हात पोळलेले, कापडाच्या चिंध्या बांधलेल्या.

"मारी," हॉलोवे मला सांगतात. "फ्रेंचांच्या कुठल्याशा बेटावरनं आणलेली. गेजच्या घरी कामाला. कोठार तिनंच पेटवलं असा आळ घेतलाय. शाबीत झालं तर फाशी."

सरकारी वकील कागदावरून आरोप मोठ्यानं वाचतो. मारी हो म्हटल्यासारखी मान हलवते. वकील विचारतो, "कोठारात तू होतीस?" मान हलते. "मालकावर राग होता?" मान हलते. "आग तू लावलीस?"

मारी त्याच्या तोंडाकडे बघत बघत मान हलवते.

निकाल द्यायला बसवलेले गावचे पंच एकमेकांकडे बघून उठायच्या तयारीत. गवत कापणीचे दिवस आहेत, सगळ्यांना शेतावर जायचंय. पहिल्या बाकावर प्रेस्कॉट गेज हाताची घडी घालून बसलेत.

"थांबा," हॉलोवे म्हणतात.

वकील म्हणतो, "साहेब, तिनं कबूल केलंय."

"तिनं मान हलवलीय. बाई, तुझ्या बापाचं नाव काय?"

मारी मान हलवते.

उठायला निघालेले पंच परत खाली बसतात. 

"घटनेप्रमाणे आरोप वाचून दाखवलेला आहे," वकील म्हणतो. बरोबरच आहे त्याचं.

"व्हय, तसंच लिवलंय," हॉलोवे म्हणतात. "सही माझी पन हाय त्याच्यावर." मग ते कोर्टाच्या कारकुनाकडे वळून सावकाश बोलतात, त्याला लिहून घेता यावं म्हणून. "ज्या बाईला आपल्यावरचा आरोप कळला नाही, तिच्यावर अजून आरोप झालेलाच नाही. तिची बोली जाणणारा माणूस मिळेपर्यंत हे कोर्ट थांबेल."

गेज उठून चालते होतात. त्यांच्या बुटांचा आवाज पायऱ्यांवरून खाली जातो.

माणूस मिळतो तेव्हा पानं गळायला लागलेली असतात. बंदरावर लागलेल्या गलबतावरचा स्वयंपाकी, मारीच्याच बेटाजवळचा. तो दोन शब्द बोलतो आणि मारी पिंजऱ्याचा कठडा धरून खाली बसते. मग बोलत सुटते. थांबतच नाही. स्वयंपाक्याला तिचा हात धरून सांगावं लागतं, बाई, जरा दम घे, मला सांगू दे यांना. वीज पडून आग लागली होती. तिनं आत जाऊन गाईंची दावी सोडली, म्हणून हात भाजले. ती ओरडली म्हणून बाकीची माणसं धावली. वीज पडलेलं कोठाराजवळचं झाड दाखवा म्हटल्यावर सगळे जाऊन बघून आले. झाड मधोमध फाटलेलं होतं.

"सोडली तिला," हॉलोवे म्हणतात. "गेजच्या घरातनं पन सोडवली."

"मग?"

"मग काय. तवा जजाला दरसाली विधिमंडळ नेमायचं. पुढच्या साली माझं नाव कुणी घेतलंच न्हाई. पेपरात आलं, हॉलोवे म्हातारपणी भ्रमिष्ट झाला, भर कापणीत कोर्ट बंद ठेवतो. गेजच्या घरचाच माणूस माझ्या खुर्चीत बसला. त्यानं पैल्याच दिवशी सांगितलं, हितं आता थांबायचं न्हाई." ते आपल्या हातांकडे बघतात. "घरी बसलो मी. त्याच दुखण्यात गेलो म्हन की."

आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलोय. पायऱ्या विट्याच्या आमच्या घराच्या आहेत, काळ्या दगडाच्या, मधून झिजलेल्या. समोर बर्फ पडतोय, पण थंडी नाही.

"मेल्यावर बातम्या येत न्हाईत," हॉलोवे म्हणतात. "म्हणून तुला इचारायचं व्हतं. तू एवढी वर्षं तिथं. कोर्ट अजून थांबतं का?"

त्यांचा आवाज असा की मला उत्तर द्यायच्या आधी त्यांचा हात धरावासा वाटतो. एवढा मोठा माणूस, गावोगाव नाव, आणि त्याला हे माहीत नाही.

"थांबतं, साहेब," मी म्हणते. "चला, दाखवते."

मी त्यांना घेऊन आत जाते. आता भिंतीवर त्यांचं चित्र लागलंय. छताला ट्यूबलाइट. पिंजऱ्याजवळच्या खुर्चीत एक पोरगेली बाई बसलीय. सुती साडी, वरून नवऱ्याचा मोठा कोट, पायांत बर्फात भिजलेल्या चपला.

"ही कोण?" हॉलोवे विचारतात.

"मी. रत्नप्रभा निकम. लग्न होऊन इथं आलेली. नवरा, श्रीरंग, कापडाच्या गिरणीत इंजिनियर. त्या आठवड्यात त्याला दुसऱ्या राज्यात पाठवलं होतं."

मी त्यांना सांगते. शाल्मली तान्ही होती. ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. नर्सनं तिचे कपडे काढले तर कमरेवर निळा डाग. आपल्याकडे कितीतरी बाळांना असतो, जन्मतःच, आणि मोठं होता होता जातो. पण त्या नर्सनं तसला डाग कधी बघितला नव्हता. तिला वाटलं, मारलंय बाळाला. तिनं तिच्या परीनं बरोबरच केलं. फोन केले. माणसं आली. त्यांनी मला खूप काही विचारलं, आणि मला येत होतं तेवढं इंग्रजी भीतीनं पळून गेलं. मी मान हलवत राहिले. आपण नाही का हलवत, ऐकतेय, सांगा तुम्ही, अशी. शाल्मलीला ते घेऊन गेले. माझा पदर दुधानं भिजला.

कोर्टात वकीलबाई विचारतेय. आवाज तसा मवाळ आहे तिचा. "बाळ रडल्यावर तुम्हाला राग यायचा?" खुर्चीतली ती मुलगी मान हलवते. "तुम्ही तिला मारलंत?"

मुलगी मान हलवते.

माझ्या शेजारी हॉलोवे एकदम ताठ होतात. त्यांचं बोट उचललं जातं, जसं काही अजून त्यांचाच हुकूम चालणार आहे.

"थांबा," वरून आवाज येतो.

खुर्चीत जज कॅलहन बसलेत. जाड भिंगांचा चष्मा, दमेकरी. ते पुढं वाकून माझ्याकडे बघतात. "बाई, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

मुलगी मान हलवते.

कॅलहन खुर्ची मागं फिरवतात. भिंतीवरच्या चित्राकडे क्षणभर बघतात. मग खुर्ची सरळ करून ते वाक्य म्हणतात. ज्या बाईला आपल्यावरचा आरोप कळला नाही. शब्द न् शब्द. कागद न बघता.

हॉलोवेंचं उचललेलं बोट सावकाश खाली येतं. त्यांच्या हनुवटीखालचा पांढरा रुमाल थरथरतोय.

"मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही," मी सांगते. "मला वाटलं, शिक्षा सांगितली. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या, मोठ्या शहरातून, बसनं. शैलजा दातार, कोर्टानं बोलावलेल्या दुभाषी. कपाळाला कुंकू, डोक्याला लोकरी टोपी. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, कुठल्या हो तुम्ही? मी म्हटलं, विट्याच्या. आणि मला जो हुंदका फुटला, तो थांबेचना. मी म्हणत होते, बाई, लोक खोळंबलेत. त्या म्हणाल्या, आधी रडून घ्या. कोर्ट थांबलंय."

"असं म्हणाली?"

"असंच. मग मी सगळं सांगितलं. कोर्टानं शहरातले एक डॉक्टर बोलावले, त्यांनी असली बाळं बघितली होती. ते म्हणाले, ही जन्मखूण आहे. संध्याकाळी शाल्मली माझ्या मांडीवर होती. अंगाला परक्या साबणाचा वास येत होता तिच्या. मी तिला रात्रभर खाली ठेवली नाही."

खुर्चीतली मुलगी आता नाही. तिच्या जागी मी आहे, केस पिकलेली, गळ्यात कोर्टाचं ओळखपत्र. शेजारी कुणी ना कुणी येऊन बसतं. दुकानात भांडण झालेला पटेल. मुलाकडे राहायला आलेली आणि रस्ता चुकलेली नांदेडची म्हातारी. गाडीचा दंड झालेला पंजाबी पोरगा. मी प्रत्येकाच्या कानाशी वाकून मराठीत, नाहीतर हिंदीत सांगतेय, आणि वर जज कुणीही असो, मी बोट वर केलं की थांबतोय.

"एवढे?" हॉलोवे म्हणतात.

"हे माझ्या एकटीकडचे. आता तर घटनेत तुमचा तो शब्दही घातलाय. समजला पाहिजे, असा. गेजसाहेबांच्याच वंशातल्या एकानं ठराव मांडला होता म्हणे."

हे ऐकून ते हसतात. पोटातून, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसत हसत ते चालू लागतात आणि मी मागं जाते. पायाखाली ओली जमीन लागते. सफरचंदाची बाग आहे, वसंतातली, झाडं अजून माणसाएवढीच. बर्फ नुकताच वितळलाय. म्हातारे हॉलोवे एका रोपाच्या बुडाशी माती दाबतायत, बुटानं, बेतानं. खुर्ची गेल्यावर त्यांनी हेच केलं असणार. बुटांची बक्कलं चिखलानं माखलीत.

मला आभार मानायचे आहेत. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेले, आणि आता माझ्याजवळ माझा एकही शब्द नाही. धन्यवाद म्हणू? ते कार्यक्रमातलं वाटतं. मी पदर खांद्यावरून घेते आणि खाली वाकते.

ते मागं सरतात. "अगं, अगं, काय करतीस? आमच्यात असं करत न्हाईत."

"आमच्यात करतात," मी म्हणते.

ते थांबतात. उभे राहतात, अवघडून, हात कुठं ठेवावेत ते न कळून, त्या पहिल्या दिवशीसारखे. मी दोन्ही बुटांना उजवा हात लावते. चिखल गार आहे.

"शाल्मलीकडून पण," मी म्हणते.

डोक्यावर हात येतो. हलका. "खुशाल रहा, पोरी," ते म्हणतात. "मारीला सांगतो मी."

हीटर खोकतो.

मी आरामखुर्चीत आहे. बाहेर अजून बर्फ पडतोय, उजेड थोडा उतरलाय. चौथ्या मजल्यावरून खाली सगळं पांढरं दिसतं, जमीन दगडासारखी गोठलेली, मार्च संपेपर्यंत कुठं नखभर माती दिसायची नाही. मी तोंडावरून फिरवायला हात उचलते आणि मध्येच थांबते.

उजव्या हाताच्या बोटांना काळी ओली माती लागलीय. नखांतही गेलीय. मी हात नाकाशी नेते. नुकत्याच खणलेल्या आळ्याचा वास.

मी हात धूत नाही. डाव्या हातानंच चहाचं आधण ठेवते.